साडेअकरापर्यंतचं तत्त्वज्ञान

माझे बी.ए.चे विषय बाबांनी ठरवले. कॉलेजच्या नोटीस बोर्डासमोर उभं राहून, वेळापत्रकावर बोट फिरवत. भूगोलावर बोट थांबलं तेव्हा शेजारून चाललेल्या क्लार्कला त्यांनी विचारलं, "साहेब, भूगोलाला मुलांना बाहेर कुठे न्यावं लागतं का?" ऑफिसच्या आवारात शिरलं की बाबांच्या तोंडची मालवणी आपोआप बंद व्हायची.

"अभ्यास सहल असते. दोन दिवस मुक्काम."

बोट पुढे सरकलं. मानसशास्त्राला दुपारी प्रात्यक्षिक होतं, तेही गेलं. मराठी आणि इतिहास राहिले, कारण ते सकाळचे होते. मग शेवटच्या रांगेत 'तत्त्वज्ञानाची ओळख' असं एक नाव दिसलं.

"ह्यात काय असतं?"

"काही नसतं," क्लार्क म्हणाला. "बसायचं वर्गात. साडेअकराला सुटतो."

बाबांनी माझ्याकडे न बघता मान हलवली. घरी परतताना स्कूटरवर ते म्हणाले, "बरो आसा विषय. डोक्याक ताप नाय." मी मागे बसून त्यांच्या शर्टाच्या कॉलरकडे बघत होते. तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, आणि रस्त्यात माणसं होती.

मला नर्सिंगला जायचं होतं. कोल्हापूरला प्रवेश मिळेल एवढे मार्क पडले होते. पण माझ्याआधी ताई त्याच कॉलेजात, त्याच हॉस्टेलवर गेली होती, आणि शिक्षण संपवून कुडाळला नोकरीला लागल्यावर तिने दुसऱ्या जातीतल्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं होतं. फोन करून तिने आईला सांगितलं. आईने फोन कानाला धरून सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला, आणि विहिरीवर गेली. त्या वर्षी गणपतीला मामा आले नाहीत. आरतीला नेहमी भरणारा सोपा रिकामा राहिला. त्यानंतर कोणी मुलींची चौकशी केली की आई म्हणायची, "ह्या घरात एकच चेडू आसा." ती एकच म्हणजे मी, आणि मला सांभाळून ठेवणं हे घरातलं मुख्य काम होऊन बसलं.

बाबा आधी जहाजावर इंजिनात काम करायचे. वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर. आता ते कायमचे घरी आले होते. माडांची वाडी होती, आणि तारकर्लीला येणाऱ्या पर्यटकांसाठी मागच्या अंगणात दोन खोल्या बांधल्या होत्या. पर्यटक असले की मला मागच्या अंगणात जायला बंदी. माझा फोन आईच्या कपाटात असायचा, संध्याकाळी तासभर मिळायचा, तोही ओटीवर सगळ्यांसमोर बसून बघायचा. सकाळी बाबा मला कॉलेजच्या फाटकाशी सोडत आणि साडेअकराला त्याच फाटकाशी उभे असत. मारहाण नाही, आरडाओरडा नाही. उलट सगळे माझ्याशी जरा जास्तच मायेने वागायचे. बाजारातून येताना बाबा माझ्यासाठी न चुकता खाजा आणायचे. तक्रार करायला जागाच नव्हती, त्यामुळे जीव आणखी गुदमरायचा.

तत्त्वज्ञानाचा वर्ग वरच्या मजल्याच्या टोकाला होता. वर पत्रा, खाली जुन्या फुटक्या बाकांचा ढीग एका कोपऱ्यात रचलेला. आम्ही जेमतेम दहा-बारा जण. काही इतर विषय भरले म्हणून इकडे ढकललेले, एक मुलगा पर्यटकांना समुद्रात बुड्या मारायला नेणाऱ्या बोटीवर काम करायचा आणि त्याला दुपार मोकळी हवी होती. स्वतःहून हा विषय मागून घेतलेला कोणीच नव्हता.

शिकवायला मॅडम होत्या. पस्तिशीच्या, घाटावरच्या. तासिकेवर नेमलेल्या, म्हणजे दर वर्षी नव्याने ठेवायचं की नाही ते ठरायचं. त्यांचं घर, नवरा, मुलगा सगळं वर घाटावर. ह्या इथे एका खोलीत एकट्या राहायच्या. मासे खात नसत आणि उकाड्याने हैराण असत. पहिल्या तासाला त्यांनी पंखा लावायला बटण दाबलं, पंखा लागला नाही, तेव्हा पदराने वारा घेत त्यांनी विचारलं, "आज सकाळी तुम्ही इथं का आलात?"

कोणी म्हणालं, हजेरीसाठी. कोणी म्हणालं, विषय आहे म्हणून. माझ्यावर आल्यावर मी म्हणाले, "बाबांनी सोडलं म्हणून."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ते तू कशी आलीस ते झालं. का आलीस?"

मी उभीच राहिले. त्यांनी बाकीच्यांकडे वळून हेच समजावायला घेतलं. नारळ खाली पडतो त्याला कारण असतं. माणूस खाली वाकतो त्याला कारणही असतं आणि हेतूही असू शकतो. दगडाला 'का' विचारलं तर फक्त कारण सांगता येतं. माणसाला विचारलं तर त्याने आपला हेतू सांगावा अशी आपण अपेक्षा धरतो. मी ते लिहून घेतलं. बसताना मात्र मला वाटत होतं, बाईंनी आपल्याला नारळात काढलं.

तो राग बरेच दिवस टिकला. आणि गंमत अशी की रागामुळेच मी ह्या एका तासाला कान देऊन ऐकायला लागले. मराठीला मी खिडकीबाहेर बघत बसायचे. इतिहासाला वहीवर फुलं काढायचे. पण ह्या तासाला बाई काय म्हणतात आणि त्यात चूक कुठे सापडते ते मी शोधत राहायचे. त्या शिकवायच्या सक्ती म्हणजे काय, मर्यादा म्हणजे काय. मला उडता येत नाही ही मर्यादा. मला जाऊ देत नाहीत ही सक्ती. एखाद्याच्या भल्यासाठी केलेली सक्ती ही सक्तीच राहते का? हात वर करून मी विचारलं, "पण ज्याच्या भल्यासाठी करतात त्याला कोणी विचारलंय का?" मॅडम म्हणाल्या, "हाच प्रश्न आहे. बस."

त्याचा फायदा काहीच झाला नाही, झाला तो तोटा. आधी मी नुसती दुःखी होते. आता मला त्या दुःखाची नावं कळायला लागली होती, आणि नाव कळलेली गोष्ट दिवसभर आपल्यासमोर येऊन बसते. घरात कपाटाला चावी लावलेली दिसली की सक्ती आठवायची. आईने "तुझ्याच बऱ्यासाठी" म्हटलं की माझे दात एकमेकांवर बसायचे.

एकदा भाकऱ्या थापताना आई म्हणाली, बायकांनी जास्त शिकलं की घर मोडतं. मी म्हटलं, "कशावरून?"

तिने माझ्याकडे वर बघितलं. "काय म्हणालंस?"

"कशावरून म्हणतेस? एक मोडलं म्हणून सगळी मोडतील का?"

वर्गात आम्ही त्याच आठवड्यात हे शिकलो होतो, की एका उदाहरणावरून सगळ्यांबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. आईने तव्यावरची भाकरी उलटली. "प्रश्न इचारूक नाय, शिकाक धाडलेला आसा तुका," ती म्हणाली. "तां पण तुझ्या बापाशीन. माझा काय नाय म्हणणा." आणि मग पाठमोरी होऊन, "तीसुद्धा असाच बोलत होती." 'ती' कोण हे सांगायची गरज नव्हती. त्या घरात ताईचा एवढाच उल्लेख मी दोन वर्षांत ऐकला होता.

दिवाळीनंतरची गोष्ट. एक दिवस मराठीच्या तासानंतर प्राचार्यांनी सगळ्या शिक्षकांची मीटिंग बोलावली आणि आम्हाला सोडून दिलं. नऊ वाजले असतील. बाबा साडेअकराला येणार. मैत्रिणी बाजाराकडे गेल्या. मी फाटकाशी उभी राहिले. रखवालदाराने विचारलं, "बापूस येवक नाय अजून?" मी म्हटलं, येतील. तो आत चहा प्यायला गेला.

मी फाटकाबाहेर पडले. आधी नुसती फाटकाच्या दुसऱ्या बाजूला. मग पानाच्या गादीपर्यंत. कोणी काही म्हटलं नाही. मग मी चालत सुटले आणि एसटी स्टँडवर येऊन पोचले. फलाटाला कोल्हापूरची गाडी लागलेली होती. माझ्या पाकिटात आईने अडीअडचणीला म्हणून ठेवलेले पैसे होते, आणि बी.ए.ला आल्यापासून मी स्वप्नात कितीदा तरी त्या गाडीत चढले होते. स्वप्नात गाडी सुटायची आणि फोंडा घाट लागायचा. पुढे काय ते स्वप्नात कधीच नसायचं.

कंडक्टर दाराशी उभा होता. मी बराच वेळ तिथेच आहे हे बघून म्हणाला, "येतंस काय गो? गाडी सुटतली आता."

मी म्हटलं, "नाही, मी सोडायला आलेय."

"कोणाक?"

मी गाडीच्या पाटीकडे बघत राहिले. त्याने खांदे उडवले, घंटी दिली. गाडी मागे आली, वळली, गेली. स्टँडवर डिझेलचा वास राहिला. आणि मला एकदम भयंकर भीती वाटली. पकडले जाईन म्हणून नव्हे. मला कोणी अडवलं नव्हतं, दार उघडं होतं, पाकिटात पैसे होते, आणि माझे पाय हलले नव्हते. वर्गात मी इतके दिवस सक्ती सक्ती करत होते. इथे कोण होतं सक्ती करायला?

मी कॉलेजात परत आले. पत्र्याखालच्या त्या वर्गात जाऊन माझ्या बाकावर बसले. फळ्यावर आदल्या दिवशीचं अर्धवट पुसलेलं वाक्य होतं. बसल्या बसल्या घामाने पाठ भिजली. खाली रस्त्यावर बर्फाचा टेम्पो थांबून गेला. साडेअकरा झाले तेव्हा मी उतरून फाटकाशी आले. बाबा नव्हते.

बारा वाजले, साडेबारा झाले. बाबा कधीच उशीर करत नसत. जहाजावरची सवय होती ती. मी रखवालदाराचा फोन मागून घ्यावा का ह्या विचारात असताना ते आले. पण आले ते आमच्या गावाच्या रस्त्याने नाही, कुडाळकडून येणाऱ्या रस्त्याने. घाईत होते. हेल्मेट काढून म्हणाले, "माका उशीर झालो. तिठ्यार टायर पंक्चर झालो." मी मागे बसले. त्यांच्या डाव्या खांद्यावर शर्टाला एक वाळलेला पांढरट डाग होता, आणि त्याला दुधाचा आंबूस वास येत होता. माझ्या चुलत भावाला बाळ झालं तेव्हा काकीच्या प्रत्येक पातळाला हाच वास यायचा.

खाडीच्या पुलावर मी म्हटलं, "बाबा, गाडी थांबवा."

ते थांबले. बहुतेक त्यांनाही थांबायचंच होतं. कठड्याशी स्कूटर लावून आम्ही उभे राहिलो. भरती चढत होती.

"चेडू झाला तिका," बाबा खाडीकडे बघत म्हणाले. "म्हयनो झालो. बरी आसा ती."

मला आनंद व्हायला हवा होता. मी मावशी झाले होते. मी विचारलं, "तुम्ही कधीपासून जाता?"

"तिका दीस गेले तेवापासून. आधी येकदा बाजारात दिसली. मगे... आवशीक सांगू नको."

"रोज?"

"रोज नाय. आठवड्यात दोनदा, तीनदा. तुका सोडतंय आणि जातंय. साडेअकरापर्यंत परत." त्यांनी हेल्मेट कठड्यावर ठेवलं. "तू कॉलेजात आसतंस म्हणान माका भायर पडाक गावता, बाय. घरात काय सांगान जातलंय मी?"

ते इतक्या साधेपणाने म्हणाले, जणू मी त्यांच्यावर उपकार करत होते. आणि मला तेव्हा सगळं वेळापत्रक नव्याने दिसायला लागलं. ताईला दिवस गेले होते ते जूनच्या आधी. म्हणजे नोटीस बोर्डासमोर बाबा उभे होते तेव्हा ते फक्त माझ्यावर पहारा ठेवायची सोय बघत नव्हते. कुडाळला जाऊन यायला सकाळचा किती वेळ मिळतो तेही बघत होते. ज्या मुलीने ऐकलं नाही तिला भेटता यावं म्हणून ऐकणाऱ्या मुलीला रोज वर्गात बसवायचं. मी म्हटलं, "चला, आई वाट बघत असेल." घरी आईने विचारलं, उशीर का, तेव्हा बाबांच्या आधी मीच म्हटलं, "पंक्चर."

त्या दिवसापासून मी दोन्हीकडून बांधली गेले. आईकडे बघितलं की वाटायचं, हिला फसवतोय. बाबांकडे बघितलं की वाटायचं, ह्या माणसाने आयुष्यभर बोटीच्या पोटात, भट्टीसारख्या उष्म्यात काम केलं, आणि आता ह्याला आपल्या लेकीला भेटायलाही चोरून जावं लागतं. ह्यांच्यावर रागावताही येईना. राग हेच तोपर्यंत माझं एकटीचं होतं, तेही गेलं.

सत्राच्या शेवटी प्रत्येकाने वर्गासमोर दहा मिनिटं बोलायचं होतं. मला विषय आला होता सक्ती. मी नोट्स काढल्या होत्या, पण उभी राहिल्यावर वही बंद करून म्हटलं, "एका घरात एकाला कोंडून ठेवलंय. का, तर पहारेकऱ्याला पहाऱ्याच्या निमित्ताने घराबाहेर पडता येतं. कोंडलेला सुटला तर पहारेकरी आत अडकेल. आणि पहारेकरी वाईट माणूस नाही."

बोटीवरचा मुलगा म्हणाला, "मगे दोघांनी मिळान पळाक होया." सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही.

मॅडमनी विचारलं, "आतल्याने काय करावं असं तुला वाटतं?"

"मला माहीत नाही."

"हे कुठल्या पुस्तकातलं उदाहरण?"

"पुस्तकातलं नाही."

त्यांनी पुढच्या मुलाला बोलायला उभं केलं. तास संपल्यावर त्या माझ्यासोबत जिना उतरल्या, आणि उतरता उतरता मी त्यांना नर्सिंगचं सांगून टाकलं. म्हणाल्या, नर्सिंगचे प्रवेश पुढच्या वर्षीही होतात, वर्ष गेलं म्हणजे सगळं गेलं असं नसतं. मग हातातल्या पर्सचा बंद गच्च करत म्हणाल्या, "मीही इथं कोणी धरून ठेवल्यासारखी आहे. पण मला कोणी धरलेलं नाही. हे रोज सकाळी स्वतःला सांगावं लागतं." त्यांचं म्हणणं मला पटलं नाही. त्यांना धरलंच होतं की. फक्त धरणारा कोण ते दिसत नव्हतं.

तरी त्या संध्याकाळी मी बाबांना माडाच्या बुडाशी गाठलं. ते शहाळी उतरवून घेत होते. मी म्हटलं, मला पुढच्या वर्षी नर्सिंगला अर्ज करायचाय. आधी नर्सिंगचं नाव काढलं की तेवढ्यापुरता बाबांचा आवाज चढायचा. ह्या वेळी चढला नाही. त्यांनी शहाळं खाली ठेवलं आणि म्हणाले, "आणखी येक वर्स काढ गो. पोर जरा मोठा होवंदे. माका वळखूक लागला काय मगे तू जा." आवाज चढला असता तर बरं झालं असतं. त्याच्याशी भांडता आलं असतं.

एप्रिलात परीक्षा झाली. शेवटचा पेपर तत्त्वज्ञानाचा होता. तो देऊन मी बाहेर आले तर बाबा आधीच फाटकाशी होते. म्हणाले, "चल." आणि स्कूटर कुडाळच्या रस्त्याला लावली.

ताई एका औषधाच्या दुकानामागे दोन खोल्यांत राहत होती. बाळासाठी नोकरी सोडली होती. तिने दार उघडलं, मला बघितलं, आणि तिचा चेहरा असा काही हलला की मी नजर वळवली. वाटेत मी मनाशी बोलायचं बरंच ठरवलं होतं. पण तिने माझ्या हातात बाळ दिलं आणि ती चहा टाकायला आत गेली. बाळाने माझी ओढणी धरली. ते सोडायला तयार होईना.

चहा पिताना ताईने विचारलं, "काय शिकवतत तुमका थंय?"

मी म्हटलं, "माणूस स्वतंत्र आहे की नाही."

ती हसायला लागली. तिला हसू आवरेना, तोंडावर पदर घेतला तरी. बाळ दचकून रडायला लागलं. "मगे?" तिने डोळे पुसत विचारलं. "काय ठरला?"

मला वाटलं होतं ती माफी मागेल. मी कोल्हापूरला गेले नाही ते तिच्यामुळे, हे तिला माहीत होतं. तिने मागितली नाही, आणि बाबा बाळाला खांद्यावर टाकून त्या एवढ्याशा खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत फेऱ्या मारत असताना मलाही ती मागायला सांगवेना. निघताना ती एवढंच म्हणाली, "आये बरी आसा?" आणि उत्तर ऐकायला थांबली नाही, आत वळली.

मे महिन्यात एका सकाळी आई आणि मी अंगणात कोकमांसाठी रातांबे फोडत बसलो होतो. सालं एका बाजूला, बिया एका बाजूला. बाबा कुठेतरी गेले होते. आता सुट्टी होती, मला सोडायचं निमित्त नव्हतं, म्हणून ते रोज नवीन काहीतरी सांगायचे. त्या दिवशी मोटारपंपाचा वायसर आणायचा होता. आई म्हणाली, "काल पण वायसरच हाडलो."

मी ते ठरवून केलं नाही. वर्षभर शिकलेलं काही माझ्या डोक्यातही नव्हतं. माझ्या हातांना लाल रस लागला होता, आणि आई आणखी एक खोटं ऐकून घेणार होती. मी म्हटलं, "आई, बाबा ताईकडे जातात. तिला मुलगी झालीय."

आईचे हात थांबले नाहीत. तिने तो रातांबा फोडला, पुढचा घेतला, तोही फोडला. मग म्हणाली, "कधी झाला?"

"दिवाळीच्या आधी."

"तू गेल्लंस?"

"एकदा."

ती उठली, हात धुतले, आणि आत गेली. उरलेले रातांबे मी एकटीने फोडले.

बाबा आले तेव्हा ती ओटीवर उभी होती. मला वाटलं आता आकाश कोसळेल. ती म्हणाली, "जावचा आसात तर माका सांगान जावा. फसवन नको." एवढंच. पुढे कितीतरी दिवस ती त्यांच्याशी जेवायला वाढण्यापुरतंच बोलली. बाबांनी त्या रात्री मला एकदाच विचारलं, "कित्याक सांगलंस?" मी म्हटलं, "मला जमेना." त्यांनी मान डोलावली. ते रागावले होते की सुटले होते मला कळलं नाही. दोन्ही असावं.

तेव्हापासून बाबा दर रविवारी उघडपणे कुडाळला जातात. आईने सोबत कधी काही पाठवलं नाही, आणि त्यांना अडवलंही नाही. मला वाटलं होतं, आता तरी मी सुटेन. बाबांना माझी गरज राहिली नव्हती. जूनच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःच माझ्या नर्सिंगचा विषय काढला. आई म्हणाली, "एकीचा झाला तां झाला. हिका मी खंय सोडूचंय नाय." मी 'कशावरून?' असं विचारलं नाही. तिच्याकडे उत्तर होतं, आणि ते वर्गातल्या कुठल्याही नियमाने खोडता येणारं नव्हतं. बाबांना मी मोकळं केलं, ते गेले. मी होते तिथेच राहिले.

मॅडमना पुढच्या वर्षी घेतलं नाही. मुलं कमी म्हणून तो विषयच बंद झाला. त्या वर घाटावर आपल्या घरी गेल्या, एवढं कळलं. मी दुसऱ्या वर्षाला मराठी आणि इतिहास घेतला, आता तिसऱ्याला आहे. बाबा अजून सोडायला येतात. आईचा तसा हुकूम आहे, आणि ते तो पाळतात.

गेल्या महिन्यात आई मागच्या दाराशी बांगडे साफ करत होती. मी उंबऱ्यावर बसून तिला पाणी ओतत होते. मान वर न करता तिने विचारलं, "तिचा नाव काय ठेवल्यानी?"

मला क्षणभर कळलं नाही कोणाचं. मग मी सांगितलं. तिने ते एकदाच, हळू, तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. पुढचा बांगडा उचलला, त्याचं डोकं मोडलं.

"दार लाव गो," ती म्हणाली. "माजर येतला."